डी सेफ आहे

नव्या विंडोजला शिव्या घालणारा माणूस अशी मरोळच्या आमच्या ऑफिसात माझी ख्याती आहे. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका मजल्यावर पंचवीस-तीस माणसं बसतात आणि त्यांचे कॉम्प्युटर चालू ठेवणं हे माझं काम. कोणाचा प्रिंटर रुसला, कोणाचा पासवर्ड हरवला की माझ्या नावाने हाका सुरू होतात. दुपारी चारला खाली टपरीवर चहाला उतरलो की कोणीतरी मुद्दाम काडी टाकतो, "काय रे, नवीन अपडेट आलंय म्हणे. टाकू का?" झालं. चहा निवेपर्यंत मी थांबत नाही.

स्टार्ट मेनूत जाहिराती कोणी मागितल्या होत्या? स्वतःच्या पैशाने घेतलेला कॉम्प्युटर उघडायला दर वेळी कुठल्यातरी परदेशी सर्व्हरची परवानगी कशाला? बंद करायला जावं तर तो म्हणतो, थांबा, आधी अपडेट करतो. म्हणजे मालक कोण, मी की तो? आता तर कीबोर्डवर एआयचं वेगळं बटण आलंय. ते म्हणे मला पत्र लिहून देणार. अरे, माझी पत्रं मी लिहीन, तू आधी तो प्रिंटर शोधून दाखव.

गेमचं तर बोलूच नका. मी गेली पंचवीस वर्षं पीसीवर गेम खेळतोय. सीडी टाकली, इन्स्टॉल केलं, खेळायला बसलो, असे दिवस मी पाहिले आहेत. आता सव्वाशे जीबीचा गेम दोन दिवस डाऊनलोड करायचा, तो उघडायला एक लाँचर, त्या लाँचरला दुसरा लाँचर, आणि इतकं करून आत गेलो की कळतं गेम अर्धाच शिजलाय, उरलेला पुढच्या वर्षी पॅचमधून मिळेल. एकट्याने खेळायच्या गेमला इंटरनेट कशाला लागतं, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. ऑफिसात एक लिनक्सवाला आहे. त्याच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे, "लिनक्स टाक." दाढ दुखते म्हटलं तरी तो लिनक्स टाक म्हणेल. त्याचं बरंचसं बरोबर असतं, हे मात्र मी त्याला कबूल करत नाही.

लोक हसतात, मीही हसतो. पण ह्या रागाचं मूळ माझ्या घरात आहे आणि त्यात विंडोजचा दोष अगदी थोडा आहे. हे मी टपरीवर कधी बोललेलो नाही. घरीही नाही.

आमचं घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात. घरात आता बाबा आणि मी असे दोघंच. आई जाऊन बारा वर्षं झाली. बाबांच्या बापाची होडी होती, भावांचीही होती, पण बाबांना बोट लागायची. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हटल्यावर वाड्यात किती चेष्टा झाली असेल, कल्पना करा. शेवटी आजोबांनी त्यांना पार्ल्याच्या एका छापखान्यात चिकटवून दिलं. तिथे ते खिळे जुळवायला शिकले, खिळे गेल्यावर डीटीपी शिकले, आणि पुढे छापखाना बंद पडल्यावर घरीच पुढच्या खोलीत कॉम्प्युटर टाकून बसले. वाड्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका, मंडळाच्या पावत्या, बाराव्याची कार्डं बाबांच्या हातची. बोलणंही त्यांनी पार्ल्याचंच उचललं होतं. आत्या त्यांना चिडवायची, "आमचा भाऊस भटाचे वानी बोलतं."

बाबांचा स्वतःचा एक फॉन्ट होता. म्हणजे मुळात तो बाजारातलाच, छापखान्यातून आलेला, पण त्यातली अक्षरं त्यांना पसंत नव्हती. ग चा काना फार ताठ, ळ पोट सुटलेला, अशी त्यांची तक्रार. फॉन्ट बनवायचं एक जुनं सॉफ्टवेअर त्यांनी कुठून तरी मिळवलं आणि फावल्या वेळात एकेक अक्षर घासूनपुसून बदललं. फारशी न लागणारी जोडाक्षरं काढून त्यांच्या जागी स्वतःला हवी ती बसवली. त्यातली बरीचशी साध्या बटणांवर यायची नाहीत. आल्ट दाबून धरायचं आणि नंबर पॅडवर चार आकडे मारायचे, मग अक्षर उमटायचं. कुठलं अक्षर कुठल्या आकड्यावर, ह्याचा एक तक्ता त्यांनी लाल-निळ्या पेनाने कार्डपेपरवर लिहून सीपीयूच्या डब्याला चिकटपट्टीने चिकटवला होता. वर्षानुवर्षं तो तिथेच होता. पार पिवळा पडला होता.

ह्यातली चाळीसेक अक्षरं त्यांनी केली ती आत्यासाठी.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सकाळी बाजारात मासे विकायची आणि लग्नसराईत धवलारीण म्हणून मानाने बोलावली जायची. आमच्या लग्नात भटजी येतो तो येतोच, पण त्याच्या आधी आणि नंतर जे काही विधी होतात ते धवलारीण आपल्या गाण्यांवर चालवते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. हळद कोणी आधी लावायची, तांदूळ कोणाच्या ओटीत पडायचे, पाटाला हात कोणी लावायचा, हे सगळं त्या गाण्याच्या ओघात ठरलेलं असतं. एक बाई ओळ टाकते, मागच्या बाया ती उचलतात. आत्याला दीडेकशे धवले येत होते आणि एकही कागदावर नव्हता, कारण तिला लिहिता येत नव्हतं.

तिच्या पोटी एकच मुलगी, माझी ताई. तिला गायचा कंटाळा. तेव्हा आत्या एक दिवस मासळीची पाटी दारात ठेवून आत आली आणि बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "मी गेल्याव कोन बोलनार ह्ये? तुजे मशिनीन टाक."

पुढची सहा-सात वर्षं, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला असल्या की, ती यायची. एक ओळ म्हणायची, थांबायची, बाबा टाईप करायचे. मी आतल्या खोलीत हेडफोन घालून गेम खेळत असायचो. मधेच हेडफोन काढला की तिचा आवाज ऐकू यायचा आणि त्यामागे बाबांच्या नंबर पॅडची टकटक. तिच्या तोंडातले काही उच्चार सरळ मराठी अक्षरांत बसत नव्हते, त्यांच्यासाठी बाबांनी वेगळी अक्षरं केली. सूर कुठे ओढायचा, श्वास कुठे तोडायचा, मागच्या बायांनी ओळ कुठे उचलायची, हात कुठल्या विधीला लावायचा, ह्या प्रत्येकासाठी खुणा केल्या. त्या खुणा दुसऱ्या कुठल्याही फॉन्टमध्ये नव्हत्या. आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. स्मशानातून परत आल्यावर बाबांनी अंघोळ केली आणि कॉम्प्युटर लावून ती फाईल नुसती उघडून बसले. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता.

आता माझी गोष्ट.

आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने एकच धडा गिरवलेला असतो. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, डी ड्राइव्हमध्ये आपला माल. व्हायरस आला, कॉम्प्युटर मंद झाला, काही झालं तरी सी फॉरमॅट मारायचा, डीला हात लावायचा नाही. मी शेकडो कॉम्प्युटर असे फॉरमॅट केले असतील. गिऱ्हाईक घाबरून विचारतं, "डी सेफ आहे ना?" आपण मान न वळवता सांगतो, "डी सेफ आहे." ह्या तीन शब्दांवर माझी निम्मी इज्जत उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी मी नवा गेमिंग पीसी बांधला. काचेचा डबा, आत रंगीत पंखे, चांगलं ग्राफिक्स कार्ड. बाबांचा जुना कॉम्प्युटर तोवर इतका मंद झाला होता की एक पत्रिका उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यातून त्याच्या विंडोजचे अपडेट बंद होणार अशा सूचना रोज झळकायच्या. मी म्हटलं, बाबा, दोन डबे कशाला, माझ्याच पीसीवर काम करा. दिवसा तुम्ही, ऑफिसातून आलो की मी. तुमची हार्ड डिस्क काढून ह्यात बसवतो, सगळं जसंच्या तसं मिळेल. त्यांना माझ्या ह्या विषयातल्या ज्ञानावर पूर्ण विश्वास. वाड्यात ते सगळ्यांना सांगायचे, आमच्या पोराला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं.

रविवार होता. बाबा एका गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवायला निघाले होते. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "डी सेफ आहे ना?"

"डी सेफ आहे," मी म्हटलं.

नवी विंडोज माझ्या नव्या डिस्कवर होती. बाबांच्या जुन्या डिस्कवर डी तशीच ठेवली. सीचं आता काय काम? जुनी विंडोज तिथे उगाच जागा अडवून बसली होती आणि मला त्याच आठवड्यात आलेला एक गेम टाकायचा होता. युद्धाचा गेम, सव्वाशे जीबी. सी फॉरमॅट केली आणि गेम लावून दिला. फायली आधीच एका मित्राच्या डिस्कवरून आणलेल्या होत्या, त्यामुळे डाऊनलोडची कटकट नव्हती. जुना डबा खाली भंगारवाल्याला दिला. घर मोकळं झालं म्हणून मला बरं वाटलं.

मग सगळं नीट आहे ना बघायला बाबांची एक पत्रिका उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, उलटी प्रश्नचिन्हं, असा काला आला. मी दुसरी उघडली. तिसरी उघडली. मग लक्षात आलं. फॉन्ट डीमध्ये नसतो. फॉन्ट सीमध्ये असतो, विंडोजच्या आत, फॉन्टच्या फोल्डरमध्ये. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फॉन्ट काय, कुठूनही डाऊनलोड होतो, म्हणून मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. बाबांचा फॉन्ट जगात दुसऱ्या कुठेच नव्हता. फॉन्ट बनवायचं ते सॉफ्टवेअर आणि त्यातल्या त्यांच्या मूळ फायलीसुद्धा सीमध्येच होत्या.

आणि आकड्यांचा तो तक्ता जुन्या डब्यालाच चिकटलेला होता. मी पळत खाली गेलो. भंगारवाला गेला होता.

घरात एक बॅकअपची सीडी सापडली. बाबांच्याच अक्षरात तिच्यावर "फॉन्ट" लिहिलं होतं. खाऱ्या हवेने तिचा चकाकता थर पापुद्र्यासारखा सुटून आला होता. नव्या पीसीला सीडी ड्राइव्हही नव्हता. ऑफिसातून मागून आणलेल्या ड्राइव्हमध्ये पुढे घालून पाहिली, ती नुसती घुमत राहिली. डिस्क घेऊन अंधेरी स्टेशनजवळच्या एका डेटा रिकव्हरीवाल्याकडेही गेलो. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि विचारलं, "इसके ऊपर क्या डाला था?"

"गेम," मी म्हटलं.

तो हसला नाही. जुन्या फायलींच्या जागेवरच नव्या बसल्यात, काही निघणार नाही, एवढंच त्याने सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बाबा परत यायच्या आत मी एक वेगळीच गोष्ट केली. बाबांच्या जुन्या छापखान्यातला एक माणूस आता दुसरीकडे काम करतो, त्याला फोन करून तो मूळचा बाजारातला फॉन्ट मागवून घेतला. तो टाकला. मग त्याचं आतलं नाव बदलून बाबांच्या फॉन्टचं नाव दिलं. हे मला येतं, पाच मिनिटांचं काम आहे. पत्रिका उघडली आणि अक्षरं जागेवर आली. ग थोडा ताठ होता, ळ पोट सुटलेला होता, पण वाचता येत होतं. मी घाम पुसला. वाटलं, निभावलं.

बाबा आले. त्यांनी नवा पडदा पाहिला, रंगीत पंखे पाहिले, "काय रे हे, दहीहंडीचं लायटिंग?" म्हणून हसले. पत्रिका उघडून पाहिली. बराच वेळ पाहिली. म्हणाले, "अक्षर जाड दिसतंय."

"मॉनिटर मोठा आहे ना," मी म्हटलं.

"मग आकडे कुठायत?" माझा कीबोर्ड गेमिंगचा, छोटा. त्याला नंबर पॅड नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑफिसातून एक जुना कीबोर्ड आणून दिला. मग ते म्हणाले, "तो तक्ता कुठे गेला रे? डब्याला लावलेला?"

खरं सांगायची ती वेळ होती. तेव्हा सांगितलं असतं तर ते चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग कदाचित पुन्हा फॉन्ट करायला बसले असते. त्यांच्यात तेवढा दम होता. अक्षरं त्यांच्या डोक्यात होती. पण मी वाड्यातला कॉम्प्युटरचा शहाणा, आणि एका गेमला जागा हवी म्हणून मी हे केलेलं.

"कुठला तक्ता?" मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खोलीत इकडेतिकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नाही, मला वाटलं, तिथे होता."

साध्या पत्रिकांचं चालून गेलं. त्यात ती खास अक्षरं क्वचितच यायची. सहा-सात महिन्यांनी ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. पोरगी आयटीत, पण आजीवर जीव. तिने बाबांना गळ घातली, "आजोबा, हळदीला आजीचे धवले हवेत. तुम्ही पुस्तिका छापून द्या, आम्ही मैत्रिणी मिळून म्हणू." बाबांना केवढा आनंद झाला. त्यांनी माझ्यासमोर ती फाईल उघडली. आत्या गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

दर ओळीत दोन-तीन ठिकाणी भलतीच जोडाक्षरं होती. जिथे सूर ओढायची खूण तिथे ङ्क्ष, जिथे बायांनी ओळ उचलायची तिथे ड्ढ, आत्याच्या खास उच्चारांच्या जागी ट्ठ आणि ह्ल आणि काय काय. बाबा वर-खाली करत राहिले. एक पान, दहा पानं, पन्नास पानं. सगळीकडे तेच.

"फॉन्ट तोच आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या मागे उभा होतो. "तोच आहे. नाव बघा ना."

त्यांनी नाव पाहिलं. नाव बरोबर होतं. माझ्यावर विश्वास होता. तेव्हा उरला एकच माणूस, ते स्वतः. म्हणाले, "म्हणजे मीच आकडे चुकीचे मारले. एवढी वर्षं ती समोर बसून गायची आणि मी चुकीचं टाईप करत होतो."

पुढचे दोन महिने ते रोज सकाळी बसायचे आणि आठवून आठवून दुरुस्त करायचे. पण ती खूण उमटवायला ते अक्षरच फॉन्टमध्ये नव्हतं. आल्ट दाबून आठवतील ते आकडे मारायचे, भलतंच अक्षर यायचं, की पुन्हा दुसरे आकडे. त्यांचे आकडे बरोबर असायचे, हे मला ठाऊक होतं. एकदा त्यांनी चौदा वेळा तेच चार आकडे मारलेले मी मोजले. मग प्रिंट काढून हाताने खुणा करायला लागले, पण कुठे ओढायचं आणि कुठे तोडायचं ह्याची खात्री वाटेना. वाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं, तर एक एक सांगे, दुसरी दुसरं. त्यांचं आपसातच वाजलं. ह्या दोन महिन्यांत मी ऑफिसातून यायचो, बाबा उठायचे, आणि मी त्याच खुर्चीवर बसून तोच गेम खेळायचो. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

शेवटी तीनच धवले छापले. हळदीच्या दिवशी पोरी कागद घेऊन उभ्या राहिल्या. पहिली ओळ बरी गेली. दुसरी कोणी उचलायची ते कोणाला कळेना, चौघींनी एकदम उचलली, मग चौघी एकदम थांबल्या आणि हसू फुटलं. बाबा पुढे होऊन हाताने खूण करत होते, पण त्यांचाही हात मधेच थबकला. पाटावरची नवरी हळद लागायची वाट पाहत बसली होती. कोणीतरी स्पीकर लावला. दोन मिनिटांत मांडव नाचायला लागला. त्यात कोणाचं काही चुकलं नाही. ताईने बाबांना बाजूला खुर्चीवर बसवलं आणि अगदी मायेने म्हणाली, "मामा, राहू दे आता. वय झालं तुमचं. एवढं केलंत तेच खूप."

बाबांनी मान डोलावली. त्यांच्या कानशिलाला हळद लागली होती, ती दोन दिवस त्यांनी धुतली नाही.

त्यानंतर त्यांनीच विषय काढला, की डॉक्टरला दाखवू. पार्ल्याच्या एका डॉक्टरकडे मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर चांगला होता, घाई नव्हती. नावं विसरता का, रस्ता चुकता का, सगळं विचारलं. बाबा म्हणाले, "नाही. पण मी माझं काम विसरलो. माझ्या हातचंच मला वाचता येत नाही. घरात नसलेला तक्ता मला दिसतो." डॉक्टरने त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाबांनी काढलं, आकडे असे सुबक की छापल्यासारखे. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी बाबांना दोन आठवले. तिसरा आठवताना त्यांच्या कपाळावर घाम आला. तो शब्द मलाही आठवत नव्हता.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सोबत राहता. तुम्हाला काही जाणवतं का?"

किती सोपं होतं. एक वाक्य. बाबा शेजारी बसले होते आणि माझ्याकडेच पाहत होते, मी काय सांगतो ह्याची वाट पाहत.

"थोडंफार," मी म्हटलं.

डॉक्टरने एक गोळी लिहून दिली. रोज एक, सकाळी, नाश्त्यानंतर.

आता बाबा काम घेत नाहीत. कोणी पत्रिका घेऊन आलं तर त्याला दारातूनच सांगतात, डोकं चालत नाही आता. गॅस बंद केला का, हे तीनदा विचारतात. मोबाईलचा पिन मला सांगून ठेवलाय. गेल्या महिन्यात बाजारातून येताना ते गल्ली चुकले आणि मासे विकणाऱ्या एका बाईने त्यांना घरी आणून सोडलं. हे खरं दुखणं की मी लावून दिलेलं, मला सांगता येत नाही. डॉक्टरलाही येणार नाही, कारण त्याला मी खोटं सांगितलंय. तो गेम मी काढून टाकला. आता त्या जागेवर काहीच नाही, पण त्याने काय होणार? टपरीवर मी अजून विंडोजला शिव्या घालतो आणि लोक अजून हसतात.

परवा सकाळी मी ठरवून बसलो. पोहे झाले. मी म्हटलं, "बाबा, तो फॉन्ट आहे ना, धवल्यांचा. त्याचं तुम्हाला सांगायचंय."

त्यांनी ताटली बाजूला केली. मला पुढे बोलूच दिलं नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सोड रे. दोन वर्षं बघतोय, त्याच्यावरून तू मनाला लावून घेतोस. विसरलो मी. तुझा काय दोष त्यात?"

मी त्यांची ताटली उचलून माझ्या ताटलीवर ठेवली.

"बरं," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "गोळी दे. नाहीतर तीपण विसरायचो."

मी पाकीट फोडून त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली आणि पाणी आणायला उठलो.